चकती आपल्याकडे नसते तेव्हा

हॉकीच्या व्हिडिओ गेममध्ये एका संघाचे सहा खेळाडू मैदानात असतात आणि खेळणाऱ्या मुलाच्या ताब्यात असतो त्यांतला फक्त एक. बटण दाबून तो या खेळाडूवरून त्या खेळाडूवर जाऊ शकतो, पण कोणत्याही क्षणी एकच त्याचा. गोलरक्षक धरून बाकीचे पाच कॉम्प्युटर चालवतो. हे पाच कोठे उभे राहतील, कधी पुढे धावतील, कधी मागे थांबतील, हे सामन्याआधी एका पानावर ठरवून देता येते. त्या पानाला ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतात. पुष्कळ मुले ते पान उघडतही नाहीत. आमच्या घरात मात्र गेल्या दोन हिवाळ्यांत सर्वांत जास्त चर्चा त्याच पानावर झाली. चर्चा करणारे दोघे होते: आमचा मुलगा आणि त्याचे दादा, म्हणजे आमचे अब्बा.

आम्ही दोघे नवरा-बायको मूळचे महाडकडचे. लग्नानंतर काही वर्षे मुंब्र्याला काढली आणि तेथून कॅनडात, टोरोंटोला लागून असलेल्या मिसिसागा शहरात आलो. मुलगा तेव्हा 11 वर्षांचा होता, मुलगी 6 वर्षांची. मुलीने शाळेत पहिल्याच महिन्यात मैत्रिणी जोडल्या. मुलाचे तसे झाले नाही. मुंब्र्यात इमारतीखाली रोज संध्याकाळी पंधरा-वीस पोरे जमायची. त्यांच्यातून उठून तो अशा मुलखात आला, जिथे डिसेंबरात मगरिब पाचच्या आत होते आणि त्यानंतर दारे बंद.

तीन वर्षांनी अम्मींचा इंतकाल झाला. गावच्या घरात अब्बा एकटे उरले, म्हणून लांब मुक्कामाच्या व्हिसावर आम्ही त्यांना इकडे आणले. आमच्यापैकी एकाची पाळी दिवसाची, दुसऱ्याची रात्रीची. घरात समोरासमोर असत ते हे दोघे. 14 वर्षांचा मुलगा, शाळेबद्दल काही विचारले की नुसते खांदे उडवणारा. आणि 74 वर्षांचे अब्बा, अम्मींविषयी एक शब्दही न काढणारे. जेवणाच्या टेबलावर चमच्यांचा तेवढा आवाज यायचा.

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या हॉकीत अकरा जण, इथे सहा. चेंडूऐवजी रबराची काळी जाड चकती, पायांत स्केट्स. 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद बर्फाचे मैदान, भोवती फळ्यांची भिंत. 20 मिनिटांचे तीन डाव. वेग इतका की खेळाडू पाऊण मिनिटात दमतो आणि सामना चालू असतानाच फळीवरून उडी मारून बाहेर जातो, त्याच्या जागी दुसरा आत येतो. शाळेत सोमवारी सकाळी पोरे बोलतात ती शनिवारच्या सामन्याबद्दल. आमच्या मुलाला स्केटिंग येत नव्हते. वर्गातली पोरे तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर. वर हा खेळ खर्चाचा: स्केट्स, हेल्मेट, गुडघ्या-खांद्यांची कवचे, रिंकचे भाडे, सरावाला पहाटे पाचला गाडी काढणे. आमच्या दोन पाळ्यांच्या संसारात ते बसणारे नव्हते. तेव्हा तो पडद्यावर हॉकी खेळू लागला.

पडद्यावरची ही हॉकी जुनी आहे. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने या व्यावसायिक लीगच्या नावाचा, म्हणजे ‘एनएचएल’चा, पहिला खेळ 1991 मध्ये काढला आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी नवी आवृत्ती निघते. आमच्या मुलाने एका वर्गमित्राकडून वापरलेली जुनी प्रत घेतली होती.

अब्बा सुरुवातीला सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तसबीह घेऊन बसत. पडद्याकडे त्यांचे लक्ष आहे असे वाटत नसे. मुंबईला गोदीत कारकून असताना ते ऑफिसच्या संघातून राइट हाफ खेळत. त्यांच्या लेखी हॉकी एकच, गवतावरची, आणि कॅनडाचे नाव निघाले की त्यांना 1976 चे माँट्रियल आठवे. 1928 पासून 1972 पर्यंत भारतीय हॉकी संघ प्रत्येक ऑलिंपिकमधून पदक घेऊन परतला होता. माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम गवतावर झाली आणि आपण सातवे आलो. “इथंच बुडालो आपण,” असे ते विमानतळावरून घरी येताना म्हणाले होते. पन्नास वर्षांची तक्रार होती ती.

मुलगा हरायचा आणि ओरडायचा. “माझे डिफेन्सवाले मूर्ख आहेत! मी काय करू? मी एकटाच खेळतोय!” हे रोजचे. एका शुक्रवारी असाच सातवा की आठवा गोल बसला आणि अब्बांनी मराठीतून विचारले, “तुझ्या मागच्या दोघांना एवढं पुढं कोणी पाठवलं?”

“मी नाही. ते आपोआप जातात.”

“आपोआप कोणी जात नाही, बाळा. हुकूम असणार.”

मुलाने वाद घालण्यासाठीच ते पान उघडले. हुकूम तिथेच होता, त्याने स्वतःच कधीतरी दिलेला. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसून चकती हिसकावण्याची मांडणी 2-1-2 होती: दोघे अगदी आत, एक मधे, दोघे मागे. त्यातच दबाव सर्वांत वरच्या पायरीवर आणि बचावपटूंनाही पुढे येण्याची पूर्ण मोकळीक. पुढच्या दोघांना एक पास चुकवून गेला की मधला एकटा पडायचा, मागचे पुढे सरकलेले, आणि समोरचे तिघे मोकळ्या बर्फावरून थेट गोलाकडे. कॉम्प्युटरचे ते बिचारे दिलेला हुकूम तंतोतंत पाळत होते. अब्बांनी हे सगळे चहाच्या कपबशा मांडून समजावले. बिस्किट म्हणजे चकती.

त्या रात्री इशानंतर बराच वेळ ते दोघे जागे होते. रात्रपाळीवरून आमच्यापैकी जे घरी आले त्याला टेबलावर अकरा कपबशा दिसल्या.

पुढे त्या पानावरचा एकेक शब्द दोघांनी मराठीत आणला. मुलाला मराठी कळायचे, पण उत्तर तो इंग्रजीत द्यायचा. अब्बांचे इंग्रजी ऑफिसातले, पोराच्या वेगाला न पुरणारे. खेळायचे तर दोघांना एक भाषा हवी होती. 1-4 ही मांडणी, ज्यात एक जण पुढे आणि चौघे आडवे मागे, तिला अब्बांनी नाव दिले ‘बांध’, शेताचा असतो तो. आपल्या गोलासमोर सगळ्यांनी गोळा होण्याची जी बचावाची पद्धत, ती ‘अंगण’. तिच्यात गोलासमोरची जागा भरलेली राहते, पण लांब निळ्या रेषेवरचे फटके मारणारे मोकळे सुटतात. “सगळे अंगणात, मग फाटकावर कोण?” असे अब्बा विचारत. शिक्षा होऊन आपला एक जण दोन मिनिटे बाहेर बसला की उरलेल्या चौघांनी चौकोन धरायचा की पतंगासारखे उभे राहायचे, हेही त्या पानावर ठरवता येते. चौकोनाला ‘चौपाई’ म्हणायचे ठरले, खाटेच्या चार पायांवरून. मग घरात हाका ऐकू येऊ लागल्या: “दादा, बांध घालू?” “अजून नको. दहा मिनिटं आहेत. आताच घातलास तर गोल कोण करणार?”

बांध घालून जिंकता येते हे खरे आहे. 1995 मध्ये न्यू जर्सी डेव्हिल्स संघाने प्रशिक्षक जॅक लमेर यांच्या हाताखाली स्टॅन्ली कप जिंकला, तो मैदानाचा मधला पट्टा अडवून धरण्याच्या अशाच पद्धतीवर. अंतिम मालिकेत त्यांनी वरचढ मानल्या गेलेल्या डेट्रॉइटला चारही सामन्यांत हरवले. पुष्कळांना तो खेळ कंटाळवाणा वाटला. अब्बांना वाटला नाही. हाफबॅकच्या जागेवर आयुष्य काढलेला माणूस. समोरच्याची वाट नुसती उभे राहून बंद करता येते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते.

या खेळांत 2008 पासून एक वेगळा प्रकारही आहे, ‘बी अ प्रो’ नावाचा. त्यात बटण दाबून दुसऱ्या खेळाडूवर जाता येत नाही. तुम्ही एकच खेळाडू, पूर्ण कारकीर्दभर. बाकी सगळे कॉम्प्युटरचे. प्रशिक्षक तुम्हाला बोलावील तेव्हा आत जायचे, तो बोलावील तेव्हा बाहेर यायचे, आणि नंतर गुण मिळतात तीन गोष्टींचे: गोल-पासचा हिशेब, संघासाठी केलेला खेळ आणि जागा. जागा म्हणजे चकती तुमच्याकडे नसताना तुम्ही कोठे उभे होता. सामन्याच्या बहुतेक वेळात ती तुमच्याकडे नसतेच. मुलाने पहिल्याच आठवड्यात एका सामन्यात दोन गोल मारले आणि जागेच्या रकान्यात त्याला ‘डी’ मिळाला. तो चिडला. अब्बा खूश झाले. म्हणाले, “या मास्तरला हॉकी कळते.”

त्यानंतर मुलगा दोन महिने जागेच्या मागे लागला. आमच्यापैकी ज्याची दिवसपाळी असे, त्याने स्वयंपाकघरातून हा अभ्यास ऐकला आहे. आपला बचावपटू पुढे गेला तर त्याची जागा आघाडीच्या एकाने भरायची. चकती निळ्या रेषेपलीकडे जाण्याआधी आपण गेलो तर ऑफसाइड, म्हणून रेषेवर पाय रोखायचा. मधल्या खेळाडूने, सेंटरने, चकतीच्या थोडे खालीच राहायचे. पास मागायचा, पण सारखा नाही. भलत्या वेळी मागितला तर कॉम्प्युटरचा सोबती तो देतो आणि चकती जाते. या शेवटच्या नियमावर आमची मुलगी म्हणाली, “भाईजान घरात असंच करतात. अम्मी रोट्या करत असली की पास मागतात.” ती त्या वेळी 9 वर्षांची होती.

घरात आणखी एक नियम या खेळातून आला. बर्फावर ठरल्यापेक्षा एक खेळाडू जास्त झाला तर शिक्षा होते. मुलाचा निकाल खराब लागला आणि आम्ही दोघे एकाच वेळी त्याला बोलू लागलो की अब्बा हात वर करत: “सात झाले. एकानं बाहेर जावं.” आमच्यापैकी एक जण खरोखर उठून दुसऱ्या खोलीत जाई. सांगायला हरकत नाही, त्याने घर जास्त शांत झाले.

शनिवारी रात्री अब्बा आणि मुलगा खरे सामने पाहू लागले, तेही पंजाबी समालोचनासह. कॅनडात 2008 पासून ‘हॉकी नाइट इन कॅनडा’चे पंजाबी प्रक्षेपण होते. उर्दू जाणणाऱ्या अब्बांना त्यातले बरेचसे समजे. तेथेच त्यांनी नाझेम काद्री पाहिला. लंडन नावाचे एक शहर आमच्या ओंटारियोतही आहे, इथून गाडीने सुमारे दोन तासांवर. काद्री तिथला, लेबनॉनहून आलेल्या मुस्लिम कुटुंबातला. 2022 मध्ये कोलोरॅडो संघाकडून तो स्टॅन्ली कप जिंकला. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतून अंतिम मालिकेतल्या चौथ्या सामन्यात जादा वेळेतला विजयी गोल त्याचा होता. ज्यांची नावे त्या कपावर कोरली गेली, त्यांत तो पहिला मुसलमान. जिंकलेल्या प्रत्येक खेळाडूला कप एक दिवस जवळ ठेवता येतो. काद्रीने तो ऑगस्ट 2022 मध्ये लंडनच्या मशिदीत नेला. मुलाने त्याचे नाव आपल्या पडद्यावरच्या संघात घेतले, पण त्याला स्वतः चालवले नाही. “तो कॉम्प्युटरकडेच बरा,” म्हणाला. “त्याला जागा माहीत आहे.”

अब्बा मात्र त्या पाच सोबत्यांवर पूर्ण खूश कधीच नव्हते. “पोरं गुणी आहेत,” ते म्हणत, “पण बोलत नाहीत.” मोहम्मद शाहिद आणि झफर इक्बाल यांचे ते सांगत. दोघे 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघातले. शाहिद चेंडू घेऊन दोघा-तिघांना आपल्याभोवती गुंतवायचा आणि डाव्या बगलेवर झफर इक्बाल सुटायचा. ते कोणत्या पानावर लिहिले होते? वर्षानुवर्षे एकमेकांना पाहून, चुकून, रागावून, पुन्हा एकत्र खेळून ते आले. कॉम्प्युटरचा सोबती रागावत नाही. आज त्याला दहा वेळा एकटे टाकले तरी उद्या तो तितक्याच उत्साहाने धावतो. सोयीचा आहे, पण त्याच्याकडून माणसांत कसे राहायचे ते शिकता येत नाही. हे अब्बा मुलाला सांगत होते, पण ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचा मुलगा तीन वर्षे अशाच सोबत्यांबरोबर राहिला होता, ज्यांना त्याचे नावही माहीत नव्हते.

आमच्या इमारतीच्या मागे गाड्या लावायची जागा आहे. बर्फ वितळला की तेथे पोरे बूट घालूनच, टेनिसचा चेंडू घेऊन हॉकी खेळतात. इथे तिला बॉल हॉकी म्हणतात. स्केट्स लागत नाहीत, भाडे नाही. एप्रिलमध्ये एका रविवारी असरच्या सुमारास अब्बा खाली फिरायला गेले आणि मुलाला त्यांनी सोबत नेले. पुढचे आम्ही चौथ्या मजल्याच्या खिडकीतून पाहिले. अब्बांनी पोरांपैकी एकाला काहीतरी विचारले, त्याने त्यांच्या हातात स्टिक दिली. गुडघे किंचित वाकवून, पाठ झुकवून ते उभे राहिले. चेंडू आला, त्यांनी तो थांबवला, शांतपणे वळवला आणि सरळ एका पोराच्या पायाशी दिला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी ती स्टिक नातवाच्या हातात दिली आणि बाकावर जाऊन बसले.

मुलगा त्या दिवशी फार बरा खेळला नाही. गोल तर नाहीच. पण सगळी पोरे चेंडूमागे एका बाजूला धावत आणि आमचा मागे उभा राही, म्हणून त्याच्या संघावर त्या दिवशी गोल कमी बसले. दुसऱ्या रविवारी ते त्याला बोलवायला वर आले. दार मुलीने उघडले. त्यांनी त्याचे नाव घेऊन विचारले.

खेळाच्या या हिशेबात एक गोष्ट आम्हाला फार आवडली. बर्फावरच्या हॉकीत गोल करणाऱ्याला जेवढा गुण, तेवढाच त्याला पास देणाऱ्याला आणि त्या आधी पास देणाऱ्यालाही. वेन ग्रेट्स्की या थोर खेळाडूच्या नावावर असे 1963 पास आहेत. त्याचे 894 गोल बाजूला काढले, तरी नुसत्या पासांचे त्याचे गुण इतर कोणाच्याही एकूण गुणांपेक्षा जास्त भरतात. त्याच्या गोलांचा विक्रम 2025 मध्ये अलेक्झांडर ओव्हेच्किनने मोडला. पासांच्या जवळपासही कोणी नाही.

अब्बा मे महिन्यात परत गेले. कौले शाकारायची होती, पाऊस तोंडावर होता, आणि अम्मींची कबर तिकडे आहे. जाण्याच्या आदल्या रात्री ते पहिल्यांदा अम्मींबद्दल बोलले, तेही नातवाशी, खेळ चालू असताना. आम्ही स्वयंपाकघरात होतो. “तुझी दादी कधी पुढं आली नाही,” ते म्हणाले. “मी चाळीस वर्षं मुंबईत, महिन्यातून एकदा घरी. शेत, घर, तुझ्या अब्बांची शाळा, सगळं तिनं मागं राहून धरलं. मी गोल करत होतो, असं मला वाटायचं.” मुलाने खेळ थांबवला. उत्तर त्याने मराठीत दिले, पण ते आम्हाला ऐकू आले नाही.

आता रविवारी सकाळी, म्हणजे महाडला संध्याकाळ असते तेव्हा, मुलगा फोन पडद्यासमोर धरतो. नेट बरे असले तर अब्बांना खेळ दिसतो, नसले तर मुलगा तोंडी सांगतो. आमच्यासारखे जे आईबाप पाळ्यांमध्ये विभागलेले आहेत, त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: मुलाच्या हातातला खेळ कोणता, किती वेळ, हे जरूर पाहावे, पण शेजारी बसून एक प्रश्नही विचारावा. बाकीचे पाच कुठे आहेत? त्याच्या उत्तरात मूल स्वतः कुठे आहे, तेही कळते.

या हिवाळ्यात अब्बा येतील की नाही, ते ठरलेले नाही. गुडघा दुखतो, प्रवास लांबचा. स्ट्रॅटेजीच्या पानावर जाताना त्यांनी लावून दिलेलीच मांडणी आहे: एक पुढे, दोघे मधे, दोघे मागे, दबाव मध्यम. मुलगा सामने हरतो तेव्हाही ती बदलत नाही. विचारले तर सांगतो, “दादा आले की बघू.”